नावनिशीचा दिवस : एका हिवाळी चित्राच्या प्रकल्प नोंदी

1 डिसेंबर, रविवार

ठरलं. हिवाळ्याच्या सुटीतल्या चित्रकलेच्या वर्गाला यंदा एकच चित्र घ्यायचं. वाचनालयाचा वरचा हॉल शनिवार-रविवार दुपारी मिळालाय. मुलं अकरा, सातवी ते नववीतली.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला की वाचता येईल. दर डिसेंबरात मुलं सांताक्लॉज काढतात, कापसाची दाढी चिकटवतात. जानेवारीत पतंग आणि तिळगुळाची वाटी. आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राला 'जत्रा' आली की मीच शिकवलेलं सूत्र : मागे पाळणा, डावीकडे फुगेवाला, पुढे मोठी आई, कडेवर मूल, कोपऱ्यात खेळण्यांची गाडी. मार्क मिळतात. पण गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, चार दिवस धूळ खाऊन आलेलं पोरही पाचव्या दिवशी हीच जत्रा काढतं, जी त्यानं कधी पाहिलेली नाही. यात दोष माझा आहे.

चित्र : थोरल्या पीटर ब्रूगेलचं 'बेथलेहेमची शिरगणती', 1566. लाकडी फळीवर तैलरंग, ब्रसेल्सच्या शाही ललितकला संग्रहालयात आहे. नाताळचंच चित्र, पण त्यात सांता नाही, चांदणी नाही, गव्हाणीही नाही. बर्फात बुडालेलं एक खेडं आणि आपापल्या कामाला जुंपलेली माणसं.

बेत असा : आधी नुसतं बघायचं. मग भाव. मग प्रतीकं. शेवटी गड्डा काढायचा. 19 जानेवारीला हॉलमध्येच मांडायचं.

4 डिसेंबर, बुधवार

मूळ चित्र साधारण 116 सेंटिमीटर उंच आणि 164 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे पावणेचार फूट बाय साडेपाच फूट. मोबाईलवर दाखवून उपयोग नाही, त्यातली माणसं मुंग्यांएवढी होतात. खऱ्या मापात फ्लेक्स काढायचं ठरवलं. सोलापुरात फ्लेक्सला काय तोटा? गल्लीतल्या प्रत्येक दादाचा वाढदिवस त्यावरच होतो.

दुकानातल्या पोरानं फाइल उघडली, दोन मिनिटं बघितली आणि विचारलं, "मॅडम, शुभेच्छुक कुठं टाकायचे?"

शुभेच्छुक नाहीत म्हटल्यावर त्याला जरा वाईट वाटलं.

7 डिसेंबर, शनिवार

पहिला वर्ग. चित्राचं नाव सांगितलं नाही, चित्रकाराचंही नाही. फ्लेक्स भिंतीला लावला आणि एकच विचारलं : इथं काय चाललंय?

"कापूस पिंजलाय बाई, सगळीकडं."
"मीठ हाय ते."
"लग्न हाय. वऱ्हाड आलंय."
"जत्रा."
"मज्जा चाललीय, पोरं बघा की."

बर्फ कुणालाच आधी सुचला नाही, हे मला फार आवडलं. गिरण्यांच्या गावातल्या मुलांना जमिनीवर पसरलेलं पांढरं दिसलं की कापूसच आठवणार. पण सगळ्यांना चित्र आनंदी का वाटलं, ते कळेना. मला ते कधीच आनंदी वाटलेलं नाही. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

रात्री पुस्तकातली छपाई आणि मोबाईलवरचा फ्लेक्सचा फोटो शेजारी ठेवून बघितले, तेव्हा उलगडा झाला. मूळ चित्रातला बर्फ पांढराशुभ्र नाहीच. मळकट, पिवळसर-करडा, कुठे तपकिरीकडे झुकणारा. आकाशही तसंच जड. डावीकडे झाडाच्या उघड्या फांद्यांमागे लाल सूर्य खाली आलेला. आमच्या फ्लेक्सवर बर्फ निळसर चकचकीत, घरांच्या भिंती केशरी, आणि सूर्य पार वाढदिवसाच्या फुग्यासारखा.

8 डिसेंबर, रविवार

वर्गाआधी दुकानात जाऊन आले. पोरगा म्हणाला, "फोटो डल होता मॅडम. ब्राईट करून दिला. त्याचे पैसे नाही घेतले."

त्याची चूक नाही. सणाचं चित्र म्हटल्यावर ते उजळ असावं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मलाही आधी सांगायचं सुचलं नाही. दुसरा फ्लेक्स काढायला टाकला, या वेळी पुस्तक शेजारी धरून, रंगाला हात न लावता. पैसे माझे.

14 डिसेंबर, शनिवार

नवा फ्लेक्स जुन्याच्या जागी लावला आणि प्रश्न तोच विचारला. मुलं एकदा चित्र पाहून बसलेली, त्यामुळे याला प्रयोग म्हणायचं नाही. तरी उत्तरं लिहून ठेवते.

"संध्याकाळ झालीय."
"अंधार पडंल आता, आणि कामं संपली नाहीत."
"सगळे लांब लांब हायेत."

शेवटचं वाक्य आठवीतल्या एका मुलीचं. ती एरवी फारसं बोलत नाही. विचारलं, लांब म्हणजे? उठून फ्लेक्सपाशी गेली आणि मधला बर्फाचा रिकामा पट्टा हातानं दाखवला. "इथं कुणीच नाही बाई. मधीच कुणी नाही."

परीक्षेच्या चित्रात मध्यभाग मोकळा ठेवला तर मी लाल पेनानं गोल करते.

मग भावाचा शोध सुरू झाला. 'उदास' हा शब्द दोघांनी दिला, पण मुलांनीच तो परत घेतला, कारण उजवीकडे बर्फात पोरं खेळतायत आणि एकमेकांवर बर्फ फेकतायत. मग 'गडबड'. तेही नको, कारण कुणी पळत नाहीये. नववीतला एक मुलगा, ज्याची आई विड्या वळते, म्हणाला, "कारखान्यात विड्या द्यायला जातात तसं वाटलालंय. लायनीत उभारायचं, मोजून द्यायचं, पान घ्यायचं, घरी यायचं. कुणी रडत नाही, कुणी हसत पण नाही."

आजचा वर्ग इथंच संपवायला हवा होता. मी उगाच अर्धा तास पुढे ताणला.

15 डिसेंबर, रविवार

थंडी कशी काढलीय ते शोधायला लावलं. सोलापूरची थंडी म्हणजे पहाटेचा नळ आणि दुपारी बाराला स्वेटर कमरेला बांधणं. तरी मुलांनी बरंच शोधलं. ओझ्याखाली वाकून बर्फावरून चाललेली माणसं. पोकळ झाडाच्या ढोलीत थाटलेलं पिण्याचं ठिकाण. पानाचा पत्ता नसलेल्या फांद्या. 1564-65चा हिवाळा युरोपात फार कडक गेला होता, आणि ब्रूगेलची बर्फाची मोठी चित्रं त्यानंतरची, हे सांगितलं. 'बर्फातले शिकारी' 1565चं, हे त्याच्या पुढच्या वर्षीचं.

एकानं विचारलं, "बाई, बर्फाला वास असतो का?" मला माहीत नाही. मीही कधी बघितलेला नाही.

21 डिसेंबर, शनिवार

आज चित्रातली बाई शोधायला लावली. म्हटलं, हे सगळं चित्र एका बाईसाठी काढलंय. शोधा.

पहिलं बोट गेलं डावीकडे खाली. तिथं डुक्कर कापतायत आणि एक बाई भांडं धरून रक्त गोळा करतेय. दोघांनी तोंड फिरवलं, एकानं अजून जवळ जाऊन बघितलं. मग जळण वाहणारी, मग खिडकीजवळच्या घोळक्यातल्या बायका. दहा-बारा मिनिटं झाली. मग मागच्या बाकावरून एक मुलगा शांतपणे म्हणाला, "गाढवावरची. ती मरिया आहे. पुढचा योसेफ, त्याच्या खांद्यावर करवत आहे."

त्याच्या घरी नाताळ असतो. बाकीच्यांना त्यानंच गोष्ट सांगितली, मी गप्प बसले. कैसर औगुस्ताचा हुकूम निघाला, सगळ्यांनी आपापल्या मूळ गावी जाऊन नावं लिहायची. योसेफ सुतार होता, नासरेथहून बेथलेहेमला निघाला, मरियेचे दिवस भरत आलेले. लूकच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. त्याच्या आजीच्या बायबलात शिरगणतीला 'नावनिशी' म्हणतात. तो शब्द फळ्यावर लिहिला आणि दिवसभर पुसला नाही.

"म्हणजे ती खिडकीजवळची गर्दी...?"
"नावं लिहायलेत."
"आधारची लाईन की रे!"

हसू उसळलं. पण हसण्यात चित्र एकदम उघडलं. खिडकीत बसलेला माणूस वही घेऊन आहे, लोक पैसे मोजतायत. ब्रूगेलनं पहिल्या शतकातलं बेथलेहेम आपल्या फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या, खेड्यात आणून ठेवलं, आणि शिरगणतीबरोबर करवसुलीही. लूकमध्ये बर्फाचा शब्द नाही. बर्फ ब्रूगेलच्या गावचा.

घरी जाताना तो मुलगा जिन्यात थांबला. म्हणाला, "आमच्या घरी गव्हाणी करतात ना बाई, तेव्हा मरिया बरोबर मधी असती. वर बल्ब असतो. इथं तर कुणी वळून पण बघत नाही."

मी म्हटलं, हे उद्या सगळ्यांना सांग. म्हणाला, नको.

22 डिसेंबर, रविवार

आज पूर्ण फसलं. तपशिलात लिहिते.

प्रतीकांचा दिवस म्हणून मी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. दारावरचं हिरवं कडं म्हणजे खानावळ-मद्यालयाची खूण. डुक्कर म्हणजे डिसेंबर, कारण युरोपातल्या जुन्या सचित्र पंचांगांत त्या महिन्याचं काम म्हणून डुक्कर मारणं दाखवत. पडका किल्ला म्हणजे जुनी सत्ता. मधोमध उभं गाड्याचं चाक म्हणजे दैवाचं चाक, असं काही जण मानतात. छपरावर क्रूस असलेली झोपडी महारोग्याची. आणि भिंतीवरचा दोन डोक्यांचा गरुड म्हणजे तिथं राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याचं राजचिन्ह.

"गंडभेरुंड!" एक मुलगी ओरडली. तिचा मामा विजापूरला असतो. "कर्नाटक सरकारचा शिक्का हाय बाई हा!"

खरंच की. कर्नाटकच्या राजमुद्रेवर तोच दोन डोक्यांचा पक्षी आहे. तिच्यासाठी त्याचा अर्थ मामाचं गाव, उन्हाळ्याची सुटी. ब्रूगेलच्या गावकऱ्यासाठी त्याचा अर्थ कर. मी उजव्या रकान्यात काय लिहावं?

इथंच थांबून बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बाई, हे लिहून घ्यायचं का?" आणि अकरा वह्या उघडल्या. पुढची वीस मिनिटं सगळे फळा उतरवत होते. भिंतीवरच्या चित्राकडे एकाचीही मान वळली नाही. चाक बरोबर दैव, गरुड बरोबर राजा. उद्या यांना गरुडाच्या जागी कावळा दाखवला तरी हे 'राजा' लिहितील.

फळा पुसला. 'नावनिशी' हा शब्द पण त्यात गेला.

25 डिसेंबर, बुधवार

नाताळ. त्या मुलाच्या घरून डब्यात केक आणि करंज्या आल्या. वर्ग नाही.

दुपारभर चाकाचाच विचार. ते दैवाचं चाक असेलही. पण ते आधी गाड्याचं चाक आहे, बर्फात अडकलेलं, ज्याचा गाडा आज कुठे जाणार नाही. हे दुसरं दिसल्याशिवाय पहिलं सांगणं म्हणजे न भूक लागता जेवायला बसवणं. रविवारी मी नेमकं तेच केलं.

28 डिसेंबर, शनिवार

आजच्या तारखेला पश्चिमेकडच्या चर्चच्या पंचांगात, येशूच्या जन्मानंतर हेरोद राजानं मारलेल्या बाळांचा स्मरणदिन असतो. तारीख ठरवून निवडली नव्हती, पण जुळून आली, म्हणून ब्रूगेलचं दुसरं चित्र दाखवलं. खेडं तसंच, बर्फ तसाच, पण घोड्यांवर चिलखती शिपाई, आणि ते घराघरांतून तान्ही बाळं ओढून काढून मारतायत. मूळ चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

त्या चित्राची कथा मुलांना चित्राहून जास्त भावली. ते एकेकाळी सम्राट दुसऱ्या रुडॉल्फकडे होतं. बघवत नव्हतं म्हणून असेल, बाळांवर रंग चढवून त्यांची गाठोडी, भांडी, कोंबड्या-बदकं केली गेली. कत्तलीचं चित्र लुटीचं झालं. त्यामुळे आज त्या चित्रात एक बाई मांस आणि चीजच्या ढिगाकडे बघून आक्रोश करताना दिसते.

"चीजसाठी कोण एवढं रडतं?" सातवीतला सर्वांत लहान पोरगा म्हणाला.

मी तो फोटो स्क्रीनवर तसाच ठेवला. कुणी काही बोलेना. खूण पुसली, पण खांदे तसेच, हात तसेच, शिपायाचे गुडघे धरलेले तसेच. गाठोड्यावर कुणी असं ओणवं होत नाही, हे सातवीतल्या पोराला न सांगता कळलं. रंग चढवणाऱ्याला सगळं झाकता आलं, माणसांचं उभं राहणं झाकता आलं नाही.

वहीत कुणी काही लिहिलं नाही. मीही सांगितलं नाही.

4 जानेवारी, शनिवार

रुडॉल्फची युक्ती आपल्या चकचकीत फ्लेक्सवर करून बघितली. वर्तमानपत्राचे कपटे कापून सेलोटेपनं मरिया, योसेफ, गाढव आणि बैल झाकले. कागदावर बर्फाचा रंग. लांबून बघितलं तर कळतही नव्हतं.

काय बदललं?

"काहीच नाही," पाच-सहा जण एकदम. मला वाटलं, संपला प्रकल्प. भाव खुणांशिवायही उभा राहतो हे 28 तारखेला कळलंच होतं, त्यात भर काही नाही.

मग ती 'लांब लांब'वाली मुलगी म्हणाली, "आता ती खिडकीजवळची गर्दी नुसतीच गर्दी झाली."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं, मी जोडून लिहितेय. कपटा लावायच्या आधी आपण गाढवावरच्या बाईकडे बघायचो, मग खिडकीकडे, मग सूर्याकडे. गर्दी किती, उजेड किती उरलाय, हिचा नंबर लागेल का, हे मनात मोजायचो. आता मोजायला कारणच नाही. सूर्य मावळला काय, न मावळला काय.

म्हणजे त्या दुसऱ्या चित्रात भाव माणसांच्या अंगात होता, म्हणून खूण पुसूनही तो राहिला. इथं तो मरियेच्या अंगात नाही. ती निळ्या झग्यात गुंडाळून गप्प बसलीय, चेहऱ्यावर काही नाही. भाव तिच्यात आणि खिडकीत जे अंतर आहे, त्यात आहे. एक टोक झाकलं की अंतरच गेलं. मी इतकी वर्षं 'तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही' एवढंच म्हणून पुढे जात होते.

कपटे काढताना सेलोटेपबरोबर योसेफाच्या टोपीचा थोडा रंग निघाला.

5 जानेवारी, रविवार

गड्ड्याची पूर्वतयारी. आधी सांगून ठेवलं : पाळणा काढायला बंदी नाही, पण पाळणा ज्यानं खरंच बघितला त्यानंच काढायचा. आणि एक अट : ज्याच्यासाठी चित्र आहे ती गोष्ट सगळ्यांत मोठी काढायची नाही.

"मग सर मार्क कसे देणार?" हे पोर पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार आहे. म्हटलं, तिथं सूत्र वापर. त्याला दोन्ही जमलं पाहिजे.

आमच्या गोष्टीतही एक अशीच कडेची व्यक्ती आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर जीव जडलेली कुंभाराची मुलगी. ते योगी, लग्न नको म्हणाले, मग तिनं त्यांच्या योगदंडाशी लग्न केलं. यात्रेतले सात नंदीध्वज म्हणजे तेच योगदंड. पहिल्या दिवशी ते शहरातल्या अडुसष्ट लिंगांना जातात, भोगीला अक्षता पडतात, संक्रांतीला होम. सगळ्यांना हे पाठ आहे. मी विचारलं, गड्ड्यात ती कुठे असते?

नंदीध्वज सगळ्यांनी सांगितले. बाराबंदी घातलेले मानकरी, 'हर्र बोला हर्र', दारूकाम, मौत का कुआँ, बांगड्यांचा स्टॉल इथपर्यंत आले. ती कुठे, ते कुणाला लगेच सांगता येईना. मग एकीला आठवलं : होमात पेंढीला शालू नेसवतात, ती.

12 जानेवारी, रविवार

स्केचिंगला बाहेर. पार्क चौकातून जाताना चार पुतळ्यांना हार घातलेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930च्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931ला येरवड्यात फाशी. मुलांना नावं पाठ आहेत, शाळेत घेतात.

गंडभेरुंडवाली मुलगी अचानक म्हणाली, "त्या चित्रात गरुड होता, तेव्हा तिथं पण दुसऱ्याचं राज्य होतं ना?"

होतं. फ्लँडर्ससकट सगळ्या नेदरलँड्सवर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं राज्य. चित्र काढलं त्याच 1566च्या ऑगस्टमध्ये तिथं लोकांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, आणि पुढच्या वर्षी आल्बाचा ड्यूक सैन्य घेऊन उतरला. ब्रूगेल 1569ला गेला. मरताना त्यानं बायकोला काही रेखाटनं जाळायला लावली, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरनं 1604मध्ये लिहून ठेवलंय. त्यामुळे तो गरुड नुसता शोभेचा नसावा, असं मला वाटतं. पण ब्रूगेलनं तो एवढासा काढलाय की कुणी विचारलंच तर 'सरकारी कचेरी आहे, शिक्का असणारच' असं सांगता यावं.

22 डिसेंबरला फळ्यावर जे जमलं नाही ते इथं रिक्षांच्या हॉर्नमध्ये पाच मिनिटांत झालं.

13 जानेवारी, भोगी

सकाळी बाजरीची भाकरी, तीळ लावलेली. मग संमती कट्ट्याकडे. गर्दीत वही उघडता येत नाही, म्हणून मुलांना फक्त बघायला सांगितलं होतं. लग्नाची संमती वाचून झाली आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. डोक्यावर, बाराबंद्यांवर, तळ्याच्या काठावर. माझ्या शेजारचं पोर वर बघत तोंड उघडं टाकून उभं होतं.

14 जानेवारी, संक्रांत

होम. लांबूनच बघितला. गर्दीत एवढंच दिसलं : ज्वाळा उठल्या तेव्हा हजारो हात मोबाईल धरून वर गेले, आणि त्या हातांमधून शालूचा काठ क्षणभर दिसला. पुढे काही नाही.

16 जानेवारी, गुरुवार

खास वर्ग, चार तास. चित्रं कालपासूनच सुरू झाली होती.

तोंड उघडं टाकलेल्या पोरानं अक्षता काढल्यात. आधी सगळी गर्दी पोस्टर कलरनं पूर्ण रंगवली, वाळू दिली, आणि मग पांढऱ्या रंगाचे ठिपके वरून सगळ्यांवर, माणूस, झाड, देऊळ काही न बघता. त्याला ब्रूगेलचं 'बर्फातलं मागींचं वंदन' दाखवलं. मागी म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. ते स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आहे. त्यात बर्फ पडतोय, आणि तो असाच, सगळ्या चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांनी. बाळ येशू पार डाव्या कडेला, जवळजवळ चौकटीबाहेर. पोरगा म्हणाला, "यानं माझी कॉपी केली." मग ब्रूगेलच्या मुलाचं सांगितलं. बाप गेला तेव्हा तो पाचेक वर्षांचा, पुढे त्यानं बापाच्या याच शिरगणतीच्या अनेक प्रती काढल्या आणि विकल्या. पोरांना हे फारच पटलं.

विडीवाल्या घरातल्या मुलानं स्टॉल काढलाय, आतल्या बाजूनं. ताडपत्रीच्या मागे एक बाई बसून भाकरी खातेय, ताडपत्रीच्या फटीतून सात काठ्यांची वरची टोकं दिसतायत, एवढीच यात्रा. खूप चांगलं झालंय. मी उजव्या कोपऱ्यातली सावली जरा गडद कर म्हणाले, आणि लगेच वाटलं, नको होतं म्हणायला.

'लांब लांब'वालीचं चित्र अजून अर्धं आहे. मैदान जवळजवळ मोकळं सोडलंय. एका बाजूला मोबाईल धरलेल्या हातांची भिंत. दुसऱ्या टोकाला एक मुलगी मडक्यांच्या राशीपाशी उभी, पाठमोरी. तिला कुणी बघत नाहीये, ती कुणाला बघतेय तेही दिसत नाही. मी विचारलं, ही कुंभारकन्या का? म्हणाली, "मडकी विकणारी पण असू शकते."

चारदा पाहिलं. काही सुचवलं नाही.

दोन चित्रं जुन्या सूत्रात आली आहेत, पाळणा आणि फुगेवाला. तीही मांडायची.

19 जानेवारी, रविवार

मांडलं. चित्रांना पाठीमागून घरच्या सोलापुरी चादरी लावल्या, कारण हॉलच्या भिंतीला ओल आलीय. पालक आले, वाचनालयातले पेपर वाचणारे आजोबा आले. एका आजोबांनी मडकीवालीच्या चित्रापुढे उभं राहून विचारलं, "हे पूर्ण का नाही केलं?" मुलगी म्हणाली, "पूर्ण आहे." आजोबांनी चष्मा पुसून परत बघितलं.

फ्लेक्सच्या दुकानातला पोरगाही आला होता. दोन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी टांगले होते, चकचकीत आणि मळका. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, दुसऱ्यात थंडी वाजतीय." तसं आहे खरं. पण पुढे म्हणाला, "गिऱ्हाईक पहिलाच नेणार."

26 जानेवारी, रविवार

मळका फ्लेक्स वाचनालयात राहिला. चकचकीत फ्लेक्सचं काय करायचं, हा प्रश्न होता. विडीवाल्या घरातला मुलगा न्यायला तयार झाला. घरी नवीन पत्र्याची खोली काढलीय, पत्रा थंडीत गारठतो, आतून लावायला हवाच होता.

आज त्याचं चित्र परत द्यायला गेले. विडी घरकुलाच्या पुढे. आई सूप मांडीवर घेऊन बसली होती, बोटं थांबत नव्हती. फ्लेक्स पत्र्याखाली ताणून लावलाय, चित्राची बाजू आत. खोली लहान, त्यामुळे डावीकडचा भाग दुमडून भिंतीमागे गेलाय : खिडकी, वही, गरुड, सगळी रांग. चाकाच्या मधून खिळा. गाढव बरोबर शेगडीच्या वर आलंय, योसेफाची टोपी पांढरी पडलेली आहेच.

चहा झाला. आईनं वर न बघताच विचारलं, "मॅडम, ती गाढवावरची बाई कुठं चाललीय?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "नाव लिवायला."